पांडुरंगा, एवढी गोडी दे

पांडुरंगा, मागायला आले आहे. पगार, बदली, रजा यांचे अर्ज जिथं द्यायचे तिथं देऊन झाले, त्यांचं काय व्हायचं ते होईल. तुझ्याकडे एकच मागणं आहे. जे काम तू माझ्या हाती दिलंस, त्याची मला गोडी दे.

गोडी दे, देवा. दुसरं काही सुचत नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगू दे. सांगितल्याशिवाय जीव मोकळा होत नाही. तुझ्याकडे येणाऱ्या पालखीच्या वाटेवर, एका तालुक्याच्या गावात, तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. मागच्या अंगाला, औषधांच्या स्टोअरला लागून एक खोली आहे, दारावर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी. तिथं मी बसते. रक्त काढते, लघवी तपासते, थुंकीच्या स्लाइड रंगवते, मायक्रोस्कोपला डोळा लावते, रजिस्टर लिहिते, मग तेच सगळं पुन्हा कॉम्प्युटरवर भरते. गावातले लोक मला ‘लॅबवाल्या मॅडम’ म्हणतात, म्हाताऱ्या बायका ‘रगात काढणारी बाई’ म्हणतात. ओपीडीची खिडकी उघडायच्या आधीच माझ्या दाराशी रांग लागलेली असते. अवघडून उभ्या राहिलेल्या गरोदर बायका, साखर तपासायला उपाशीपोटी आलेले म्हातारे, आईच्या खांद्यावर तापानं फणफणलेली लेकरं. सगळे माझी वाट बघत असतात. आणि मी, देवा, घड्याळ बघत असते.

हे तुझ्यापाशी बोलायला जड जातं. हात चालतात, मन कशातच नसतं. दंडाला रबरी पट्टा बांधते, मूठ आवळा म्हणते, बोटानं शीर चाचपते, सुई बरोबर जागी जाते, जांभळ्या टोपणाची नळी भरते, कापूस दाबून धरा म्हणते, पुढच्याला हाक मारते. काम चोख होतं. कुणी बोट दाखवावं असं त्यात काही नसतं. पण संध्याकाळी घरी जाताना आठवायला बसले तर एकही चेहरा डोळ्यांपुढं येत नाही, नुसते दंड येतात. काळे, गोरे, सुरकुतलेले, गोंदलेले, हिरव्या चुड्याचे दंड. इतकी माणसं माझ्यापुढं बसून गेली आणि मी कुणालाच भेटले नाही.

अशी कोरडी मी केव्हा झाले? एका दिवसात झाले नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरत जातं आणि रोज शेंदणाऱ्याला ते कळत नाही, तसं झालं असावं.

माऊली, माझ्याकडे बघ.

आणि हेही सांगते. मला दुसऱ्यांच्या कामाचा हेवा वाटतो. लेबर रूममध्ये सिस्टरच्या हातात मूल येतं, तिच्या कपाळावरचा घाम पुसायच्या आत ते रडतं, आजी बाहेरून ‘काय झालं गं’ विचारते, पेढे येतात. डॉक्टरसाहेबांपुढं माणसं हात जोडतात. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर वेळेत पोचला तर घरचे लोक त्याला भाऊ म्हणून मिठी मारतात. माझ्या खोलीतून एक कागद बाहेर जातो. त्यावर आकडे असतात. तो कागद घडी घालून कुणी पिशवीत टाकतं, डॉक्टर त्यावर नजर फिरवतात, मग तो केसपेपरला टोचला जातो. त्या आकड्यामागं बसलेल्या बाईचा विचार कुणाच्या मनात येण्याचं कारणच नसतं. देवा, मला मोठेपणा नको आहे. तरी कधीतरी वाटतं की कुणी म्हणावं, बाई, तुम्ही नीट पाहिलंत.

तू म्हण. तू म्हटलंस तरी पुरे.

तुझे आभार मानायचे राहून गेले, ते आधी मानते. डीएमएलटीच्या वर्गात पहिल्यांदा मी माझंच रक्त काचेवर ओढलं होतं. बोटाला टोचून थेंब घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पसरवला, वाळवला, लिशमनचा रंग घातला, धुतला, आणि लेन्सखाली धरला. त्या दिवशी तू मला जे दाखवलंस त्याबद्दल मी अजून तुझी ऋणी आहे. फिकट गुलाबी चकत्याच चकत्या, मधे जराशा खोलगट, आणि त्यांच्या गर्दीत एक मोठी पेशी, जांभळ्या केंद्राची. ती माझी होती. माझ्या आत फिरत होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता. बाईंनी सांगितलं, रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये अशा सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात, प्रत्येकीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, आणि हाडांच्या मगजात दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास नव्या तयार होत राहतात. मी वर बघायचंच विसरले. पाठीमागं मुली ओरडत होत्या, अगं आमचा नंबर येऊ दे.

एवढं काम तू करतोस, देवा. माझ्यात करतोस, माझ्यापुढं बसलेल्या आजीत करतोस, ती झोपली तरी करतोस, तिनं कधी तुझं नाव घेतलं नाही तरी करतोस. त्या कामाचा कागदही बाहेर येत नाही. मी फक्त तू केलेलं मोजते.

हे मला रोज आठवू दे. मोजताना तरी आठवू दे.

त्या परदेशातल्या कापडविक्याबद्दलही तुझे आभार. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा आंतोनी फान लेवेनहुक. १६३२ साली जन्मला, कापडाच्या दुकानात काम शिकला, विद्यापीठाची पायरी कधी चढला नाही. काचेची बारीक भिंगं स्वतःच्या हातानं घासायचा आणि त्यातून जे मिळेल ते बघायचा. तळ्याचं पाणी, पावसाचं पाणी, स्वतःच्या दातांवरचा मळ. त्यातून तुझी ती हलणारी, वळवळणारी बारीक सृष्टी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्याला दिसली. तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहीत राहिला, पन्नासेक वर्षं, १७२३ साली नव्वदीत डोळे मिटेपर्यंत. असं बघ म्हणून त्याला कुणी नेमलं नव्हतं. त्याला बघायला आवडायचं. पांडुरंगा, मी तीच भिंगं पगार घेऊन वापरते, त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली भिंगं, आणि मला आवडायचं थांबलं आहे. त्याच्या आवडीतला एक कण मला दे. त्याला कमी पडणार नाही.

आपल्या मुंबईतल्या डॉ. य. म. भेंडे यांच्याबद्दलही तुझे आभार. रक्तगट तपासताना ज्याचं उत्तर ठरल्या चौकटीत बसत नव्हतं, ते त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बाजूला सारलं नाही, त्याच्यापाशी थांबले. त्यातून १९५२ साली ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ जगाला कळला. आज त्या गटाच्या माणसाला योग्य रक्त मिळून तो जगतो, तो त्या थांबण्यामुळं. मीही गट तपासते. निळा थेंब, पिवळा थेंब, पांढरा थेंब, काच हळूच हलवायची, गुठळ्या येतात का बघायचं. मलाही थांबता येऊ दे. रांग कितीही मोठी असो, एखाद्या काचेपाशी थांबावंसं वाटू दे.

आता थुंकीच्या स्लाइडचं सांगते, कारण माझा जीव तिथंच सगळ्यात जास्त थकतो, आणि तूही मला तिथंच सगळ्यात जास्त दिलं आहेस.

क्षयाच्या पेशंटची डबी येते. मास्क नीट बसवायचा, डबी उघडायची, पिवळसर घट्ट भाग काडीनं उचलायचा, काचेवर लहान लहान गोल फिरवत पसरायचा. लोकांना याची किळस येते. मला कधी आली नाही, ही तुझी कृपा. वाळलं की काच ज्योतीवरून फिरवायची. मग लाल रंग ओतायचा, कार्बोल फुक्सिन, आणि खालून ज्योत धरायची. वाफ यायला हवी, उकळी येता कामा नये. त्या वाफेला एक उग्र वास असतो, तो माझ्या साड्यांना लागलेला आहे, माझ्या मुलाला तो आईचाच वास वाटायचा. पाच मिनिटं थांबायचं. पाण्यानं धुवायचं. मग सल्फ्युरिक ॲसिड, पंचवीस टक्क्यांचं, ते सगळ्यांचा लाल रंग उतरवतं, क्षयाच्या जंतूचा उतरत नाही. त्याच्या अंगावर मेणचट कवच असतं, एकदा आत गेलेला रंग तो सोडत नाही. मग निळा रंग. मग तेलाचा एक थेंब, आणि हजारपट मोठं करून दाखवणाऱ्या लेन्सखाली काच. निळ्या पार्श्वभूमीवर लालचुटुक बारीक काड्या. एकट्या, जोडीनं, कधी जुडीनं. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ज्या जंतूचा शोध जाहीर केला, तो हा.

दिसला तर काम लवकर संपतं. दिसला नाही तर शंभर फील्ड बघायची असतात. शंभर, देवा. लेन्सखालचा तेवढासा गोल, तो बघायचा, काच किंचित सरकवायची, पुढचा गोल, परत सरकवायची. शंभर गोल नीट पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. मान अवघडते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहेर कुणीतरी दार ठोठावतं. त्या शंभरात चाळिसाव्याच्या आसपास माझं मन पळून जातं. डोळा तिथं असतो, हात काच सरकवत असतात, आणि मी किराणा, लाइटचं बिल, मुलाची फी असं कुठंतरी असते. मग मी मलाच परत ओढून आणते आणि आधीची दहा फील्ड पुन्हा बघते.

पांडुरंगा, त्या चाळिसाव्या फील्डपाशी ये. तिथं माझ्याजवळ बस. तिथून पुढं मला तुझी गरज आहे.

गेल्या गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आली होती. मराठवाड्याकडची, वय असेल पंचविशीचं, वजन शाळकरी पोरीएवढं. सोबत नवरा, कडेवर लेकरू. खोकला जुना. पहिल्या डबीत इतक्या काड्या होत्या की मोजायची गरज पडली नाही, प्रत्येक गोलात दहाहून जास्त. मी ‘३+’ लिहिलं. औषधं सुरू झाली. फडात राहून, कोयता हातात धरून तिनं ती कशी घेतली असतील ते तुला माहीत. दोन महिन्यांनी ती परत डबी घेऊन आली. मी स्लाइड केली. पहिला गोल निळा. दुसरा निळा. विसावा निळा. चाळिसाव्याला मन पळालं नाही. साठावा, सत्तरावा, सगळे स्वच्छ निळे, एकही लाल काडी नाही. शंभर झाले आणि मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढलाच नाही, आणखी पुढं बघत गेले, नुसतं बघायला.

काही न दिसण्याचा तो आनंद मला कोण समजावून सांगणार होतं? तू दिलास तेव्हा कळला. रिकामी काच बघून डोळे भरून आले. बाहेर ती बाकावर लेकराला पाजत बसली होती. मी तिला म्हटलं, तुझं चांगलं आलंय गं, गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, सहा महिने पूर्ण करायचे. तिनं मान हलवली आणि विचारलं, मग आता जाऊ का, टोळी थांबलीय. आणि गेली. तिला माझं नाव माहीत नव्हतं. त्या दिवशी मला त्याचं काहीही वाटलं नाही.

त्या दिवसाबद्दल किती आभार मानू? तो दिवस तू मला कुठल्याही लायकीशिवाय दिलास. तसाच आणखी एक दे. नाही तर त्याच दिवसाची आठवण शाबूत राहू दे.

ती जिथं असेल तिथं तिला बरं ठेव. तिचं लेकरू शाळेत जाऊ दे.

आता नवं यंत्रही आलं आहे. गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट. जंतूची खूण थेट शोधतं, माझ्या डोळ्याला दिसणार नाहीत इतके थोडे जंतू असले तरी पकडतं. ते आलं त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि आतून मला भीती वाटली. माझ्या डोळ्याची किंमत गेली असं वाटलं. ही भीती माझ्यातून काढ. ज्याचा आजार यंत्रामुळं लवकर सापडेल त्याच्यासाठी मला मनापासून आनंद होऊ दे. उरलेल्या स्लाइड मी बघेन. त्या थोड्या असल्या तरी माझ्याच आहेत.

विठ्ठला, एक गोष्ट मी कुणाला बोलले नाही. आषाढीला तू कसा उभा असतोस, ते मला फार धीर देतं. यात्रा जवळ आली की तुझा पलंग काढतात. शेजारती नाही, निजणं नाही, रात्रंदिवस दर्शन. पाठीशी कापसाचा लोड ठेवतात, टेकायला. रखुमाईआईलाही तक्क्या देतात. आणि तू उभाच. चालून चालून पायांची सालटी निघालेली माणसं येतात, तुझ्या पायांवर डोकं टेकवतात, पुढं सरकतात, पुढचा येतो. पुढचा, पुढचा, पुढचा. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, तुझं अंग चोळून स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात. लोकांनी तुझा थकवा ओळखला आहे. आमच्याकडच्या माणसांनी मानलं आहे की देवसुद्धा कामानं थकतो, आणि त्याला काढा लागतो.

मग मी तुला विचारते. रांगेतल्या लाखाव्या माणसाचं डोकं पायाला लागतं तेव्हा तुला काय वाटतं? त्याचा चेहरा तुला दिसतो का? मला वाटतं दिसतो. पहिल्याइतकाच दिसत असणार, नाही तर माणसं पुन्हा पुन्हा इतक्या लांबून आली नसती. हे तू कसं करतोस ते मला शिकव. थकूनही बघणं कसं राहतं, ते शिकव. मला बाकीचं ज्ञान झेपणार नाही, एवढं शिकव.

वारीत मला चालता येत नाही हे तू जाणतोस. पालखी येते त्या दिवसांत आमच्या रजा बंद असतात. पहाटेपासून आम्ही विहिरीवर, टँकरवर, हॉटेलांच्या पिंपांपाशी पाणी तपासत फिरतो. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे, आमच्या भाषेत ओटीचे, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, वारकऱ्यांना प्यायला हरकत नाही. टाळांचा आवाज दुरून येत असतो आणि मी नळी उजेडाकडं धरून पिवळा रंग शोधत असते. आधी मला याचं वाईट वाटायचं. सगळे तुझ्याकडं चालले आणि मी टँकरपाशी. आता तितकं वाटत नाही. तुझ्याकडं येणाऱ्याच्या घशाखाली जाणारं पाणी माझ्या हाताखालून गेलं आहे. ही माझी वारी मानून घे. मानशील ना?

तू कामाच्या जागी येतोस हे तर माझ्या आजीनंच मला सांगितलं. गोपाळपूरला तिनं जनाबाईचं जातं दाखवलं होतं. जनीनं दळायला बसावं आणि तू खुंट्याला हात लावावास, असं ती सांगायची तेव्हा तिचा स्वतःचा हात हवेत गोल फिरायचा. तेरच्या गोरोबांच्या चिखलात तू होतास, अरणच्या सावतोबांच्या मळ्यात होतास. ही माणसं काम टाकून तुझ्यामागं धावली नाहीत, तूच त्यांच्या कामापाशी गेलास. मी त्यांच्या पायाची धूळही नाही. पण खोली माझीही उघडीच असते. सकाळी नऊला कुलूप काढते. ये.

एक गोष्ट मात्र हट्टानं मागते, आणि रागावू नकोस. माझ्यासोबत कंत्राटावर काम करणारा एक मुलगा आहे. हाताचा हलका, लहान मुलाची शीरही एका झटक्यात सापडते त्याला. त्याचा पगार महिनोन् महिने थकतो. आणि वरून त्याला सांगितलं जातं की काम ही सेवा आहे, समाधान माना. देवा, हे ऐकलं की माझ्या अंगाची आग होते. ज्याच्या घरभाड्याची सोय नाही त्याला आनंदाचा उपदेश करणं मला पाप वाटतं. तुझं नाव त्या उपदेशात ओढलं जातं तेव्हा तर जास्तच. मी तुझ्याकडं गोडी मागते ती माझ्या मनानं, माझ्यासाठी. ती कुणावर लादायला मागत नाही. त्याला आधी त्याचा पगार मिळू दे. वेळेवर, पुरा, हक्काचा. मग तो हसेल, त्याला शिकवावं लागणार नाही. आणि त्याच्यासाठी बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटू देऊ नकोस.

फरशी पुसणाऱ्या मावशींचे गुडघे सांभाळ. त्या पुसतात तेव्हा गुणगुणतात, ते गुणगुणणं राहू दे.

रात्रपाळीच्या सिस्टरला पहाटे चारच्या सुमाराला जागं ठेव.

१०८च्या ड्रायव्हरला रस्ता मोकळा दे.

पोस्टमॉर्टेमच्या खोलीत मदत करणाऱ्या मामांना घरी गेल्यावर जेवण गोड लागू दे. त्यांच्या कामात गोडी दे असं मला म्हणता येत नाही. त्यांना बळ दे, आणि लोकांनी त्यांच्यापासून अंग चोरू नये इतकी बुद्धी लोकांना दे.

आणि मला, पांडुरंगा, बारीकसारीक सुख दिसू दे. दर महिन्याला तपासायला येणाऱ्या त्या सूनबाईचं हिमोग्लोबिन सातावरून साडेनवावर आलं, तिच्या सासूनं रोज हातानं लोहाची गोळी दिली म्हणून, आणि दोघीजणी रिपोर्ट घेताना एकमेकींकडं बघून हसल्या, ते मला दिसलं होतं. असं रोजच काहीतरी होत असणार. माझी नजर तेवढा वेळ रजिस्टरवरून वर येऊ दे. सुईला घाबरून रडणारं पोर कापूस लावल्यावर एकदम गप्प होतं आणि आपल्याच दंडाकडं कौतुकानं बघतं, तेव्हा मलाही बघू दे. उन्हाळ्याच्या दुपारी गर्दी ओसरल्यावर वाऱ्यानं पडदा हलतो, सेंट्रिफ्यूज थांबत थांबत थांबतं, नळ्यांत खाली तांबडं आणि वर पिवळसर सीरम अगदी सरळ रेषेत वेगळं झालेलं असतं. ती रेषा किती सुंदर असते. कित्येक वर्षं ती माझ्यापुढं आहे. ती सुंदर आहे असं मनात यायला मला पुन्हा शिकव.

जमेल तेवढं मीही करेन. घड्याळ पाठीमागच्या भिंतीवर लावून घेईन. दुपारचा डबा एकटी न खाता सगळ्यांसोबत खाईन. ट्रेनिंगला आलेल्या मुलींना पहिल्यांदा लेन्समधून बघताना घाई करायला लावणार नाही, मागून कितीही जणी ओरडल्या तरी. पण माझं करणं थोडं आहे, ते पुरायचं नाही. उरलेलं तू कर.

नळी भरायच्या आधी पेशंटला त्याचं नाव त्याच्याच तोंडून विचारायचं, असा आमच्याकडं नियम आहे. नमुने एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. रोज मी तो पाळते, तोंड रजिस्टरकडं ठेवून. उद्या पहिला जो कोणी येईल, म्हातारा असो, पोर असो, दारूचा वास येणारा असो, त्याच्याकडं तोंड करून मला विचारू दे, नाव काय तुमचं? आणि तो सांगेल ते मला ऐकू येऊ दे, पांडुरंगा. सबंध नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. संध्याकाळी घरी जाताना ते मी तुला येऊन सांगेन.